पाक ऐकणारे चाचा

मुरुडला राहायला गेलो तेव्हा मला रसायनशास्त्र येतं असा माझा ठाम समज होता. एम. एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला होता, ज्युनियर कॉलेजात नोकरी लागली होती आणि बॅगेत दोन जाड पुस्तकं होती. सोलापूरकडच्या माणसाला समुद्राकाठी आणखी काय लागतं? पुढची अकरा वर्षं ज्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहिलो, त्या गृहस्थांनी हा समज हळूहळू काढून टाकला. त्यांना कुठल्याच कामाची घाई नसे.

गावात सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. तीसेक वर्षं ते मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. पोऱ्या म्हणून चढले आणि मुख्य भंडारी होऊन उतरले. उतरले म्हणायचं ते कागदोपत्री. घरी आले तरी स्वयंपाकघराला ते 'गॅली' म्हणत. डावीकडची खिडकी लावा असं सरळ कधी सांगायचे नाहीत, 'पोर्टसाइडची खिडकी लावा' म्हणायचे, आणि मी हटकून उजवीकडची लावायचो. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी साडेसहाला पडवीत टांगलेली पितळी घंटा वाजे. घंटेनंतर पंधरा मिनिटांच्या आत जो आला नाही त्यालाही जेवण मिळे, पण त्याच्याशी कोणी बोलत नसे. गॅलीच्या दारावर एक काळी पाटी होती. आज जेवायला काय आहे ते त्यांनी तिच्यावर रोज खडूने लिहिलेलं असे. घरात माणसं दोनच, ते आणि चाची. चाचींनी ती पाटी कधी वाचली असेल असं वाटत नाही. त्या दारातून आत जाताना नाकाने काय ते समजून घेत.

राहायला गेल्याच्या पहिल्याच दिवशी मी शाकाहारी आहे हे चाचांना बजावून सांगितलं. सांगताना माझ्या आवाजात जी ऐट होती ती आठवली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. चाचांनी मान हलवली आणि विचारलं, कांदा-लसूण चालतो का. चालतो म्हटलं. बस, तेवढंच. दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायचं असं ठरलं. माझ्यासाठी वांगं, वाल, पडवळ, कधी फणसाची भाजी होई, आणि मी जेवता जेवता त्यांना प्रथिनांविषयी माहिती देई. दोन वर्षं गेल्यावर एकदा टोप विसळायला उचलला तेव्हा त्याच्या कानाजवळ पांढऱ्या रंगाचा ठिपका दिसला. तसाच ठिपका एका डावावर होता, एका कढईवर होता. चाचींना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही आलात त्याच आठवड्यात नवीन आणून ह्यांनी रंग लावला, त्यात दुसरं काही शिजत नाही. दोन वर्षं मी त्या ठिपक्यांसमोर बसून जेवलो होतो आणि माझ्या नजरेला पडलं नव्हतं. निरीक्षण हा विज्ञानाचा पाया आहे, हे वाक्य मी दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहितो.

चाचांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ते शिजणारा पदार्थ चाखून बघत नसत. ऐकत. टोपाशी मान तिरकी करून उभे राहायचे, उजवा कान खाली, डोळे अर्धे मिटलेले. तेल तापलं की नाही, भाताचं पाणी आटलं की नाही, डाळ लागायला आली का, हे सगळं त्यांना कानाने कळे. त्या वेळी कोणी बोललेलं चालत नसे. जहाजावर खाली इंजिन धडधडत असताना कढईतलं ऐकायला शिकलो, इथं तर सगळं शांतच हाय, असं ते म्हणत. मला हा सगळा बडेजाव वाटे. मी त्यांना समजावून सांगितलं होतं की ध्वनी आणि तापमान यांचा असा थेट संबंध नसतो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण माझ्या बोलण्यात फोडणी जळत होती.

पण त्यांचं खरं राज्य ऑक्टोबरात. पाऊस ओसरून अंगणातलं शेवाळ वाळायला लागलं आणि वाशीहून येणाऱ्या टेम्पोत उत्तरेकडच्या सफरचंदांच्या पेट्या दिसू लागल्या, की चाचा रोज बाजारात चकरा मारत. लालभडक, चकचकीत फळाला ते हात लावत नसत. त्यांना लहान, टणक, बुडाशी हिरवट आणि चवीला जरा आंबट असं फळ हवं असे. फळवाला ते वाईट म्हणून मागच्या पेटीत टाकी आणि चाचा मागच्या पेटीपासूनच सुरुवात करत. मग एक रविवार ठरे. म्हसळ्याला दिलेली मुलगी, नसीम, नवऱ्यासह आदल्या दिवशी येई. मुलगा इरफान दोह्याला नोकरीला होता, तो रजा मिळाली तर येई आणि नाही मिळाली तर फोनवरून दर तासाला विचारी, कुठवर आलं. त्या दिवशी वर्षाचा सफरचंदाचा मुरंबा होई. चाचा त्याला मुरब्बा म्हणत. शब्दात आंबा असल्याशिवाय मुरंबा कसा होईल, असा मुद्दा मी पहिल्याच वर्षी काढला होता. चाचांनी मला सोळा किलो सफरचंदांपैकी चार किलो सोलायला दिली.

काम असं चाले. सगळे मागच्या पडवीत वयाच्या क्रमाने बसत. फळं सोलायची, गाभा काढायचा, एकाच्या आठ फोडी करायच्या आणि लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकायच्या, म्हणजे काळ्या पडत नाहीत. साली आणि गाभे फेकायचे नाहीत, ते वेगळ्या पाण्यात उकळून ते पाणी पाकात घालायचं, त्याने मुरंब्याला अंग येतं. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. सालीतल्या पेक्टिनवर आणि लिंबामुळे साखरेचे खडे का होत नाहीत यावर मी दरवर्षी बोलत असे. नसीम एकदा नवऱ्याला हळूच म्हणाली की सर बोलतात तोवर माझी तीन फळं जास्त सोलून होतात. मी ते कौतुक म्हणून घेतलं. मग फोडी अर्धवट वाफवायच्या, मोठ्या टोपात पाक करायचा, फोडी त्यात सोडायच्या आणि पाक पुन्हा घट्ट होईपर्यंत मंद आचेवर ठेवायच्या. वेलदोडा, लवंग, थोडी दालचिनी. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं चाचा टोपाशी तिरकी मान करून उभे. सगळे गप्प. आणि मग ते एकदम हात वर करून गॅस बंद करायला सांगत. त्यात कधी एका मिनिटाचा फरक झाला नाही. मुरंबा पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिके. ना पातळ होई, ना साखर बसे.

कोकणातल्या माणसाने आंबा सोडून सफरचंदाच्या मागे का लागावं, याचा मी पुष्कळ विचार केला होता. स्टाफरूममध्ये मी असं सांगत असे की चाचांना हा पदार्थ एका गोऱ्या कप्तानाने शिकवला. बोटीवर वादळ, कप्तान आजारी, त्याला आईच्या हातचं काहीतरी खावंसं वाटतं, वगैरे. दरवर्षी गोष्टीत थोडी भर पडे. कप्तानाला पुढे एक बहीणही झाली होती. चाचांना कधी विचारलं नाही, कारण इतक्या चांगल्या गोष्टीला त्यांच्याकडून नकार आला असता.

खरं काय ते चाचींनी सांगितलं, तेही मी विचारलं नसताना. एकदा मे महिन्यात शेजारच्या वाडीतून आंबे आले आणि मी सहज म्हटलं की घालायचा ना मुरंबा. तर त्या म्हणाल्या, आमच्यात आंब्याचा घालत नाहीत. लग्न झाल्यापासून चाचा मेमध्ये कधी घरी नव्हतेच. त्यांची रजा यायची पावसाळ्यानंतर. पहिल्या वर्षी ते आले तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या घरांत बरण्या भरलेल्या, आणि ह्यांना त्यातलं काही करायला मिळालं नव्हतं. बाजारात त्या वेळी पुष्कळ मिळणारं फळ म्हणजे सफरचंद. म्हणून दोघांनी मिळून तेच आणलं. रजेतला एक पूर्ण दिवस दोघं एका टोपाशी उभे राहिले. मग पोरं झाली, तीही बसायला लागली. इतकंच. मी चाचींचं ऐकून घेतलं आणि त्यानंतर कप्तानाला पुन्हा कधी आजारी पडू दिलं नाही.

आता माझ्या थर्मामीटरची गोष्ट सांगायला हवी. ती मला टाळता आली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच वर्षी मी चाचांना सुचवलं होतं की पाक किती अंशांवर तयार होतो हे शास्त्राने ठरलेलं आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन येतो, मान तिरकी करायला नको. ते म्हणाले, ते ताप आलेल्या माणसाला लावा. मी तो थर्मामीटर वेगळा असतो हे समजावून सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा सुचवलं. हा आमचा दरवर्षीचा कार्यक्रमच झाला. त्यांनी प्रत्येक वेळी नाही म्हटलं आणि प्रत्येक वेळी नवं कारण दिलं.

नवव्या वर्षी सप्टेंबर संपता संपता चाचा माझ्या खोलीच्या दाराशी आले. ते कधी मागच्या बाजूला येत नसत. मी पेपर तपासत होतो. त्यांनी आत येऊन दार लोटलं आणि विचारलं की ती काचेची नळी अजून मिळते का. मी आनंदाने पेन खाली टाकलं. ते म्हणाले, "ह्या वर्षी वारा फार हाय, मास्तर. पाक नीट ऐकू येत न्हाय."

वारा नव्हता. माडाची झावळीही हलत नव्हती. गेली दीड-दोन वर्षं मी दारातून हाक मारली की ते वळत नसत, समोर गेलं तरच उत्तर देत, आणि घंटा पूर्वीपेक्षा जोरात वाजवत. मला कळलं होतं. कळलं नसतं तर निदान मी मूर्ख ठरलो असतो आणि ते परवडलं असतं. पण मला कळलं आणि तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की शेवटी विज्ञान जिंकलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तो विचार जवळजवळ याच शब्दांत बोलूनही दाखवला.

चाचांनी दोन अटी घातल्या. पोरांना यातलं काही कळता कामा नये. आणि मी तोंडाने काही बोलायचं नाही, खूण करायची. मी टोपाच्या पलीकडे मदतीला म्हणून उभा राहायचं, थर्मामीटर डावाच्या मागे दोऱ्याने बांधून पाकात सोडायचा, आणि ठरलेला आकडा आला की डोळ्यांवरचा चष्मा काढायचा. चष्मा काढला की चाचा हात वर करणार. मला ही योजना फारच सुंदर वाटली. मी आरशासमोर चष्मा सहज काढायची तालीमही केली.

त्या वर्षी इरफानला रजा मिळाली होती. तीन वर्षांनी तो आला होता आणि मंगळवारी परत जायचा होता. सोळाच्या जागी वीस किलो फळ आणलं. चाचींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले होते, डॉक्टरांनी धुरावाफेजवळ जायला मना केलं होतं, म्हणून त्या काळा चष्मा लावून पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. टोपाशी चाचा, समोर मी. बाकीचे दारात.

आता, उकळत्या पाकावर वाकून उभ्या राहिलेल्या माणसाच्या चष्म्याचं काय होतं हे सांगायला एम. एस्सी. व्हायची गरज नाही. पाचव्या मिनिटाला माझ्या दोन्ही काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. आकडा दिसेना. चष्मा पुसायचा तर काढायला हवा, आणि काढला तर खूण होणार. चाचा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. मी नाक वर करून, मान मागे नेऊन, भुवया ताणून काचेच्या कडेवरून बघायचा प्रयत्न केला. इरफानने विचारलं, सर, बरं वाटत नाहीये का. मी मानेनेच छान आहे म्हणून सांगितलं. या सगळ्यात डाव माझ्या हातून खाली सरकला आणि थर्मामीटरचं टोक टोपाच्या बुडाला टेकलं. थर्मामीटर भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नये, ही अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकातली पहिली सूचना आहे. प्रयोगशाळेतली ती नळी एकशे दहा अंशांपर्यंतची होती. ही दुसरी गोष्ट मी विसरलो होतो.

आवाज अगदी बारीक आला. टिचकी मारल्यासारखा. चाचांशिवाय सगळ्यांना ऐकू आला.

त्यानंतर मी एकच शहाणपणाची गोष्ट केली. गॅस बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, या वेळी दोन्ही बाजूंच्या. टोपात काच होती आणि पारा होता. वीस किलो सफरचंदांचा मुरंबा, सोनेरी, वेलदोड्याचा वास सुटलेला, आणि त्यातला चमचाभरही कावळ्याला घालण्याच्या लायकीचा राहिला नव्हता. नंतर तो सगळा मी घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून कॉलेजात नेला. आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ते डबे अजून आहेत, 'उघडू नये' अशी चिठ्ठी लावून. त्यांत काय आहे हे तपासणीला आलेल्यांना सांगताना मी विषय बदलतो.

अंगणात सगळे उभे होते. नसीम चिडली नव्हती, तेच जास्त वाईट होतं. तिने मला अगदी साध्या आवाजात विचारलं की सर, ही काच आत घालायला तुम्हाला कोणी सांगितलं. मी चुकलो म्हणायला हवं होतं. दोन शब्द होते. इतकी वर्षं त्यासाठीच सुचवत आलोय, माझाच हट्ट, एवढं म्हटलं असतं तर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, कारण ते बहुतेक खरंच होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "चाचांनीच सांगितलं. त्यांना पाक ऐकू येत नाही आता."

चाचा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होते. मग त्यांनी विचारलं की मास्तर काय म्हणाले. खुर्चीतून चाची मोठ्याने म्हणाल्या की काही नाही, काच फुटली म्हणतात.

चाचा आत टोप बघायला गेले तेव्हा पोरांनी आईला घेरलं. चाची म्हणाल्या, मला दोन वर्षं ठाऊक आहे. दोन वर्षं मुरंब्याच्या दिवशी मी त्यांच्या कोपराशी उभी राहते, आणि वेळ झाली की माझं कोपर त्यांना लागतं. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. यंदा डोळ्यांमुळे मला तिथं उभं राहता येणार नव्हतं. मी हे हात धुता धुता ऐकलं आणि बराच वेळ हात धूत राहिलो. चाचा माझ्या दाराशी का आले होते ते मला त्या नळाखाली कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा मागच्या विहिरीशी टोप घासत बसले होते. तो आता कधीच वापरता येणार नाही हे मी आदल्या दिवशी चार वेळा सांगितलं होतं, तरी घासत होते. मी जाऊन शेजारी बसलो आणि माफी मागितली. माफी माणूस जशी मागतो तशी मागितली, खाली बघून, पुटपुटत. चाचांनी कानाशी हात नेला. मी पुन्हा म्हटलं, थोडं स्पष्ट. त्यांनी मान तिरकी करून दुसरा कान पुढे केला. तिसऱ्यांदा मी विहिरीच्या कठड्याला धरून ओरडलो की चाचा, मी चुकलो, मी तुमचं गुपित फोडलं, मला माफ करा. माडावरचे कावळे उडाले. गडग्यापलीकडे धुणं वाळत घालणाऱ्या बाईंनी डोकं वर काढून विचारलं की सर, काय फोडलंत.

चाचांनी त्या बाईंना काही नाही म्हणून हात केला. मग मला म्हणाले, "काल तुम्ही काय बोललात ते मला नसीमच्या तोंडावर दिसलं. मला सांगता येत न्हवतं, मास्तर. तुम्ही सांगितलंत. वाईट सांगितलंत, पण सांगितलंत."

मी काहीतरी बोलायला लागलो, बहुधा कानाच्या पडद्याविषयी. त्यांनी टोप पालथा घातला, हात लुंगीला पुसले आणि बाजारात चला म्हणाले.

फळवाल्याकडे मागच्या पेटीत सहा-सात किलो उरली होती, काही दबलेली. तीच घेतली. सोमवार होता, माझं कॉलेज होतं, मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं कारण देऊन रजा घेतली. सगळे पुन्हा पडवीत बसलो. या वेळी फार कोणी बोलत नव्हतं. मी तर नाहीच. फोडी झाल्या, वाफवल्या, शेजारून आणलेल्या टोपात पाक चढला, आणि चाचांनी नसीमला हाक मारली. चाळिशीची बाई, तिची स्वतःची मुलं कॉलेजात जात होती, पण त्या घरात ती सोलणारी होती. ती चाकू हातात घेऊनच उठली. चाचांनी तिला टोपाशी उभं केलं, स्वतःच्या जागेवर, आणि आपण तिच्या मागे उभे राहिले.

ते तिला सांगत होते ते मी दारातून ऐकलं. ज्यांना ऐकू येत नव्हतं ते सांगत होते, काय ऐकायचं. आधी नुसतं पाणी बोलतं, भरभर आणि वरवर. मग साखर त्याला धरते, आवाज जाड होतो. मग मधे मधे थांबतो. तो थांबला की मोजू नको, बघू नको, ऐक. नसीम म्हणाली की अब्बा, मला काहीच कळत नाहीये. ते त्यांना ऐकू गेलं असतं तरी त्यांनी उत्तर दिलं असतं असं वाटत नाही. वीस मिनिटं आम्ही सगळे दारात उभे होतो. मग नसीमने मागे न बघता हात वर केला. चाचांनी तिच्या खांद्यावरून हात नेऊन गॅस बंद केला. टोपात डोकावलेही नाहीत.

मुरंबा पातळ झाला. चांगली तीन-चार मिनिटं आधी उतरवला होता. इरफानने दोह्याला नेलेली बाटली बॅगेत सांडली आणि डिसेंबरात बाकीच्यातही आंबूस वास यायला लागला. चाचांनी तो रोज वाटीत घेऊन संपवला. पाटीवर रोज शेवटच्या ओळीत लिहीत, 'नसीमचा मुरब्बा'. कोणी तो पातळ आहे असं म्हटलं की त्यांना ऐकू येत नसे.

पुढच्या वर्षी नसीमला आठवडाभर आधी बोलावून घेतलं आणि नुसत्या साखरेच्या पाकावर रोज सकाळी तिची शिकवणी चालली. माझं पद कायमचं ठरलं, सोलणे. इरफानने दोह्याहून कानाचं यंत्र पाठवलं होतं. ते चाचा लावत, पण मी बोलायला लागलो की खिशात टाकत. मी तक्रार केली नाही. नंतर माझं लग्न झालं, बाजाराजवळ फ्लॅट घेतला, आणि दोन हिवाळ्यांमागे चाचा गेले. अखेरपर्यंत त्यांची स्वतःची वेळेची शिस्त होती, बाराच्या जेवणानंतर आडवे झाले ते उठले नाहीत. मी मातीला गेलो होतो. तिथे कसं उभं राहायचं ते मला ठाऊक नव्हतं, इरफानने मला हाताला धरून रांगेच्या मागे नेऊन उभं केलं.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात मुरंबा होणार नाही असं मी धरून चाललो होतो. पण नसीमचा फोन आला. चाची आता तिच्याकडे म्हसळ्याला राहत होत्या. फळं आलीत, रविवारी या, असं ती म्हणाली. मी सकाळच्या एस.टी.ने गेलो. दिवसभर सोललं. नसीम टोपाशी उभी राहिली तेव्हा मीही कान देऊन पाहिलं. मला नेहमीसारखी फक्त उकळी ऐकू आली. तिने हात वर केला आणि तिच्या धाकट्या मुलीने गॅस बंद केला.

थोडं निवल्यावर नसीमने पहिली वाटी चाचींच्या हातात दिली. पाक अगदी बरोबर झाला होता, चाचांच्या हातचा असावा तसा. चाचींनी एक फोड खाल्ली, मग दुसरी, आणि वाटी खाली ठेवून म्हणाल्या की जरा गोड जास्त आहे. नसीम म्हणाली, असं कसं, साखरेचं माप अब्बांचंच आहे.

"त्यांचाही मला गोडच वाटायचा," चाची म्हणाल्या. "पहिल्या वर्षापासून."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं नसीमने विचारलं. चाचींनी वाटी पुन्हा उचलली.

"वर्षातून एकदा घरी यायचा माणूस," त्या म्हणाल्या. "त्याला काय सांगायचं, साखर कमी घाल म्हणून."